मुंडकं आणि मुबारकबाद

साल १७२४. दख्खनमधून दिल्लीच्या बादशहाकडे एक पत्र निघालं. शब्द माझे, पण आशय साधारण असा, की एका बंडखोराने डोकं वर काढलं होतं, हुजुरांच्या पुण्याईने त्याचा बंदोबस्त झाला आहे, तरी या विजयाबद्दल हुजुरांची मुबारकबाद. पत्रासोबत पुरावा म्हणून त्या बंडखोराचं मुंडकंही पाठवलं होतं.

आता यातली गोम अशी, की ते मुंडकं ज्याचं होतं त्या माणसाला बादशहानेच पाठवलं होतं. कुणावर? तर पत्र लिहिणाऱ्यावर! म्हणजे ज्याने बादशहाचा हुकूम धुडकावला तो पत्रात एकनिष्ठ सेवक, आणि ज्याने हुकूम पाळला आणि पाळता पाळता जीव दिला तो बंडखोर. आणि बादशहाने काय करावं? त्याने हे पत्र स्वीकारलं, सुभेदारी कायम केली आणि वर एक नवा किताब दिला.

हे सगळं जिथे घडलं ते गाव म्हणजे साखरखेर्डा. बुलढाणा जिल्हा, तालुका सिंदखेडराजा. लोणारचं सरोवर बघायला आणि जिजाऊंचा वाडा बघायला बरेच जण जातात, साखरखेर्ड्याला मुद्दाम कोणी जात नाही. शाळेच्या पुस्तकातही एखादी ओळ असली तर असते. पण पुढची सव्वादोनशे वर्षं चाललेल्या हैदराबादच्या निजामशाहीची (अहमदनगरची नव्हे, ती वेगळी आणि आधीची) मुहूर्तमेढ इथे रोवली गेली. विजयी निजामाने गावाचं नावही बदलून फतेहखेर्डा ठेवलं होतं. ते टिकलं नाही.

तारखेचा एक घोळ आधीच सांगून टाकतो. काही पुस्तकांत या लढाईची तारीख ३० सप्टेंबर १७२४ सापडेल, काहींत ११ ऑक्टोबर. दोन्ही एकाच दिवसाच्या तारखा आहेत. इंग्रजांनी १७५२ पर्यंत जुनं ज्युलियन कॅलेंडर वापरलं, ते ११ दिवस मागे चालायचं, आणि आपल्याकडच्या बऱ्याच इतिहासकारांनी तारखा त्या हिशोबाने दिल्या. टाइमझोनचे बग काढून वैतागलेल्या मंडळींना हे लगेच कळेल.

असो. तर पत्र लिहिणारा होता निजाम-उल-मुल्क. मूळ नाव मीर कमरुद्दीन, जन्म १६७१ चा. आजोबा गोवळकोंड्याच्या वेढ्यात औरंगजेबाच्या बाजूने लढताना मेले, वडील औरंगजेबाचे नावाजलेले सरदार, आणि हा स्वतः त्या म्हाताऱ्या बादशहाच्या छावणीत लहानाचा मोठा झालेला. म्हणजे दरबारात किती पावलं चालायचं, कितीदा वाकायचं, नजर कुठे ठेवायची, हे सगळं अंगात मुरलेलं. १७२२ मध्ये तो दिल्लीला वजीर झाला तेव्हा तिथे विशीतला महंमदशहा बादशहा होता आणि त्याच्याभोवती तरुण, थट्टेखोर मित्रमंडळ. अशी एक गोष्ट सांगतात, की निजाम जुन्या औरंगजेबी पद्धतीने झुकून झुकून मुजरा करायला लागला की ही मंडळी आपसात म्हणायची, बघा दख्खनचं माकड कसं नाचतंय. गोष्ट खरी असेल नसेल. पण ती पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली यात मला अर्थ दिसतो. एकाच मुजऱ्यात निजामाला साम्राज्याची घडी दिसत होती आणि त्या पोरांना माकड.

निजामाला औरंगजेबाच्या काळची शिस्त परत आणायची होती. ती कोणालाच नको होती. मग डिसेंबर १७२३ मध्ये त्याने हवापालट आणि शिकारीचं कारण काढून दिल्ली सोडली. (आपण कसं 'पर्सनल रीझन्स' लिहून राजीनामा देतो, आणि एचआरही 'तुमच्या पुढील वाटचालीस शुभेच्छा' असं उत्तर देतं, तसंच.) पुढे मराठे माळव्या-गुजरातेत शिरल्याचं निमित्त झालं आणि शिकारीला निघालेला वजीर थेट दख्खनच्या वाटेला लागला. भांडण झालं असं कोणीही म्हटलं नाही. निजामाने राजीनाम्यात बादशहाला दोष दिला नाही, बादशहाने उघडपणे त्याला अडवलं नाही. फक्त आतून हैदराबादला माणूस गेला, मुबारिझखानाकडे. दख्खनची सुभेदारी तुला दिली, निजामाला रोख.

मुबारिझखानाचं मला जरा वाईट वाटतं. हैदराबादचा कारभार त्याने दहाएक वर्षं चांगला चालवला होता. निजामाशी त्याचं वैर नव्हतं. उलट काही वर्षांपूर्वी सय्यद बंधूंविरुद्धच्या झगड्यात तो निजामाच्या बाजूने होता, आणि निजामाने त्याला बढतीही मिळवून दिली होती. आता त्याच्यासमोर दोन कागद होते. एक बादशहाचा हुकूम, दुसरी निजामाची समजुतीची पत्रं. निजामाने ती बरीच लिहिली, मुसलमानांचं रक्त आपसात का सांडायचं, जुना स्नेह आठव, वगैरे. पावसाळा या पत्रापत्रीत गेला. या काळाची हकिगत लिहिणारा खाफीखान म्हणतो की निजामाने समेटाचा मनापासून प्रयत्न केला. असेलही. फक्त खाफीखान निजामाच्या नोकरीत होता, इतका की त्याच्या नावामागे 'निजाम-उल-मुल्की' असं लावलं जायचं. आणि या पत्रांना लागलेला वेळ निजामाच्याच पथ्यावर पडला. त्या वेळात त्याने तोफा जमवल्या, फौज जमवली आणि मुख्य म्हणजे मराठ्यांशी बोलणी केली.

मुबारिझखान शेवटी औरंगाबादच्या (आजचं छत्रपती संभाजीनगर) रोखाने निघाला. निजामाने त्याला साखरखेर्ड्याजवळ गाठलं. लढाई एका दिवसात संपली. मुबारिझखान त्याच्या दोन मुलांसकट मारला गेला. आणि मग ते पत्र, ते मुंडकं.

मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा वाटलं, काय हा निगरगट्टपणा! पण जरा थांबून बघितलं की लक्षात येतं, हे पत्र खोटं असलं तरी फसवणारं नाही. फसवणूक व्हायला समोरच्याला खरं माहीत नसायला हवं. इथे बादशहाला खरं काय ते पक्कं माहीत होतं, कारण हुकूम त्याचाच होता. निजामालाही माहीत होतं की त्याला माहीत आहे. निजाम बादशहाला खोटं सांगत नव्हता, त्याला एक वाट काढून देत होता. 'आपण दोघंही असं धरून चालू की तुम्ही त्याला पाठवलंच नव्हतं. म्हणजे तुम्ही हरला नाहीत, आणि मी बंड केलं नाही.' बादशहाने ती वाट घेतली. १७२५ मध्ये दख्खनची सुभेदारी कायम झाली आणि 'आसफजाह' हा किताब आला. आसफ म्हणजे गोष्टींमधल्या सुलेमान राजाचा वजीर. किताबाची निवड बघा! तू कितीही मोठा झालास तरी वजीर, आणि सुलेमान मी. त्याच वेळी माळवा आणि गुजरात मात्र निजामाकडून काढून दुसऱ्यांना दिले. म्हणजे किताब देताना खरा राग कुठे आहे तेही सांगून झालं, एकही कडू शब्द न वापरता.

मला वाटतं सार्वजनिक जीवनातल्या अदबीबद्दल आपण नेहमी चुकीचा प्रश्न विचारतो. खरी की खोटी? मनापासून की वरवरची? साखरखेर्ड्याच्या पत्राला हा प्रश्न लावला तर उत्तर दोन सेकंदांत मिळतं, आणि त्यातून काहीच कळत नाही. विचारायला हवं ते असं, की ही अदब कोणाला कशाची भीती आहे ते दाखवते? सत्ता कोणाकडे आहे हे ती लपवते, ठीक. पण ती ज्याच्या हातात आहे त्याला अजून काय कमी पडतंय, ते ती लख्ख उघडं करते. निजामाकडे तोफा होत्या, फौज होती, विजय होता. नव्हता तो हक्क. मुलूख त्याचा का, याला त्याच्याकडे एकच उत्तर होतं, बादशहाने दिला म्हणून. बादशहालाच झुगारलं तर उद्या त्याचाच एखादा सरदार त्याला विचारणार, मग मी तुझं का ऐकू? म्हणून त्याने स्वतःच्या नावाचं नाणं पाडलं नाही, खुतब्यात बादशहाचंच नाव ठेवलं, स्वतःला राजा म्हणवलं नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर आतला सगळा कोड बदलला, इंटरफेस तोच ठेवला. कारण बाहेरच्या शंभर गोष्टी त्या इंटरफेसवर अवलंबून होत्या.

याच लढाईच्या निमित्ताने निजामाने आणखी एकाला मान दिला, बाजीरावाला. पेशवा तेव्हा चोवीस वर्षांचा होता (आपल्यापैकी अनेक जण त्या वयात पहिल्या प्रोजेक्टच्या बेंचवर बसलेले असतात). मराठ्यांच्या फौजेने प्रत्यक्ष लढाईत किती भाग घेतला यावर मतभेद आहेत, पण बाजीराव निजामाच्या बाजूने होता हे नक्की, आणि निजामाने त्याला सात हजारी मनसब, हत्ती, जडजवाहीर देऊन गौरवलं. त्याआधी तीन-साडेतीन वर्षांत दोघांच्या तीन भेटी झाल्या होत्या, जानेवारी १७२१ मध्ये चिखलठाण्याला, फेब्रुवारी १७२३ मध्ये माळव्यात, आणि मे १७२४ मध्ये धारजवळ नालछ्याला. प्रत्येक वेळी आदरातिथ्य, भेटवस्तू, स्तुती. या भेटींमध्ये दोघं एकमेकांना जोखत होते. मनसब दिली तीही बघा. मनसब म्हणजे बादशाही नोकरीतला हुद्दा. म्हणजे 'धन्यवाद' म्हणताना निजाम बाजीरावाला सांगत होता की तू शेवटी आमच्याच उतरंडीतला एक. बाजीरावाने ती घेतली आणि काही मनाला लावून घेतलं नाही.

तीन वर्षांत या सौजन्याचा खरा चेहरा दिसला. १७१९ मध्ये बादशाही सनदांनी शाहू महाराजांना दख्खनच्या सहा सुभ्यांची चौथाई आणि सरदेशमुखी मिळाली होती. निजामाला ती बंद करायची होती. आता साधा माणूस म्हणाला असता, देत नाही जा. निजाम तसं म्हणाला नाही. तो म्हणाला, मी द्यायला एका पायावर तयार आहे, पण छत्रपती दोन आहेत, एक साताऱ्याचे शाहू महाराज, एक कोल्हापूरचे संभाजी महाराज. खरा हक्कदार कोण? चुकीच्या माणसाला पैसे दिले तर अन्याय होईल. तेव्हा दोघांनी आपापले पुरावे सादर करावेत, मी बादशहाचा प्रतिनिधी म्हणून निवाडा करीन. तोवर रक्कम माझ्याकडे सुरक्षित! वाक्यात कुठे बोट ठेवायला जागा नाही. मला तर हे वाचताना एका जुन्या क्लायंटची आठवण झाली. तो बिल कधीच नाकारायचा नाही. 'ड्यू प्रोसेस फॉलो करत आहोत, आपल्या सहकार्याबद्दल आभार' असं दर महिन्याला यायचं.

पण इथे निजामाचा हिशोब चुकला, कारण या अदबीच्या भाषेत बाजीरावाने उत्तर दिलंच नाही. त्याने घोडदळ काढलं. फेब्रुवारी १७२८ मध्ये पालखेडजवळ निजामाची जड तोफखान्याची फौज पाण्यावाचून कोंडली गेली, आणि मार्चमध्ये मुंगी-शेवगावच्या तहात 'खरा हक्कदार कोण' या गहन प्रश्नाचा एकदाचा निकाल लागला. शाहू महाराज. त्यानंतर डिसेंबर १७३२ मध्ये हे दोघं रोहे-रामेश्वरला पुन्हा भेटले आणि पुन्हा सगळं गोड झालं. बाजीरावाने उत्तरेत काय करावं त्यात निजामाने पडू नये, असं तिथे ठरलं म्हणतात.

म्हणजे निजाम नुसता ढोंगी होता का? इथे माझं मन थोडं डळमळतं. कारण १७३७ मध्ये बाजीराव दिल्लीच्या वेशीपर्यंत जाऊन आला आणि घाबरलेल्या महंमदशहाने निजामाला बोलावलं, तेव्हा हा पासष्टीचा माणूस खरंच गेला. न जाण्याची शंभर कारणं होती, आणि कारणं शोधण्यात तो वस्ताद होता. तरी गेला, भोपाळला बाजीरावाच्या कोंडीत पुन्हा अडकला, आणि जानेवारी १७३८ मध्ये दुराई-सराईला मानहानीचा तह करून सुटला. वर्षभराने नादिरशहा आला तेव्हाही बादशहाच्या वतीने बोलणी करणाऱ्यांत तो होताच. तेरा वर्षं 'मी हुजुरांचा सेवक' असं लिहीत राहिलं की एक दिवस हुजूर खरोखर सेवा मागतात, आणि तेव्हा नाही म्हणणं अवघड होऊन बसतं. अदबीचा हा भाग फारसा कोणी लक्षात घेत नाही. ती समोरच्याला बांधते त्याहून जास्त बोलणाऱ्याला बांधते.

निजामाला नावं ठेवताना आपलंही घर बघायला हवं. १७४९ मध्ये शाहू महाराज गेले, त्यानंतर साताऱ्याच्या छत्रपतींच्या हातात खरी सत्ता उरली नाही. तरी प्रत्येक नव्या पेशव्याची वस्त्रं साताऱ्याहूनच यायची, शिक्क्यात छत्रपतींचं नाव आधी असायचं. महादजी शिंद्यांनी तर कळस केला. दिल्लीचा शहाआलम त्यांच्या मुठीत, उत्तर हिंदुस्थान त्यांच्या धाकात, आणि १७९२ मध्ये पुण्याला आले ते पेशव्यांसाठी बादशहाकडून वकील-इ-मुतलकीचं फर्मान घेऊन. दरबारात सगळ्या मानकऱ्यांच्या खाली बसले, काखेतल्या बासनातून नवे जोडे काढून तरुण सवाई माधवरावांच्या पुढे ठेवले, जुने उचलले, आणि आमच्या बापाचा हाच उद्योग होता अशा अर्थाचं काही बोलले. (त्यांचे वडील राणोजी बाजीरावाचे जोडे सांभाळत, अशी कथा आहे.) माल्कमने पुढे लिहिलं आहे की हा माणूस स्वतःला नोकर म्हणवून घेत घेत धनी झाला. पुण्यातल्या कोणाला हे समजत नव्हतं असं नाही. नाना फडणीसांना चांगलं समजत होतं. जोडे उचलणाऱ्याला हाकलणार कसं, हाच तर प्रश्न होता!

आणि ज्याला ही भाषा बोलायचीच नव्हती, त्याची गोष्ट तर याच सिंदखेडच्या लेकीच्या मुलाची. १२ मे १६६६, आग्रा. शिवाजी महाराजांनी नजर दिली, मग त्यांना मागच्या रांगेत उभं केलं गेलं, आणि ते भर दरबारात संतापून बोलले. जयसिंगाच्या माणसांनी राजस्थानीत लिहिलेल्या पत्रांत तो प्रसंग तपशीलवार आला आहे. त्या दरबारात शब्दांनी कोणीच अपमान केला नव्हता. कुठे उभं केलं एवढंच पुरेसं होतं. महाराजांनी ते जसं होतं तसं वाचलं आणि मोठ्याने म्हणून दाखवलं. आठ वर्षांनी, १६७४ मध्ये, रायगडावर राज्याभिषेक करून त्यांनी तो हक्काचा प्रश्नच निकालात काढला. निजामाला आयुष्यभर जमलं नाही ते हे.

आता या गोष्टीचा उत्तरार्ध. तो मला पूर्वार्धाहून जास्त भारी वाटतो, आणि तो घडला पुन्हा वऱ्हाडावरूनच.

निजाम १७४८ मध्ये बऱ्हाणपूरला वारला, खुलताबादला त्याची कबर आहे. वारस एकमेकांत लढले, मग फ्रेंच आले, इंग्रज आले. हैदराबादची नाणी मात्र दिल्लीच्या बादशहाच्या नावाने पडतच राहिली, १८५७ पर्यंत. यात हैदराबादच एकटं नव्हतं. ईस्ट इंडिया कंपनीचा रुपयासुद्धा १८३५ पर्यंत शहाआलमच्या नावाने निघायचा. शहाआलम १८०६ मध्येच वारला होता. बंगालच्या रुपयावर तर त्याच्या राज्याचं एकोणिसावं वर्ष कायमचं छापून ठेवलं होतं, कितीही वर्षं गेली तरी 'सन १९'. हार्डकोडेड! बादशाही बुडाल्यावर हैदराबादने नाण्यांवर नाव घातलं ते आसफजाहचं, म्हणजे साखरखेर्ड्यानंतर मिळालेल्या त्या किताबाचं.

दरम्यान १८५३ मध्ये डलहौसीने फौजेच्या खर्चाची थकबाकी काढून निजामाकडून वऱ्हाड घेतलं. 'घेतलं' हा शब्द कुठेही वापरला नाही हं. वऱ्हाड 'सोपवलं' गेलं. मालकी निजामाची, कारभार इंग्रजांचा, हिशोब देऊन उरलेले पैसे निजामाला. सालारजंगासारखा हुशार दिवाण पुढे अनेक वर्षं ते परत मागत राहिला, अत्यंत अदबीने. त्याला नकारही तितक्याच अदबीने मिळत राहिले. १९०२ मध्ये कर्झन स्वतः हैदराबादला गेला, सहावा निजाम महबूब अलीखान याच्याशी एकांतात बोलला, आणि वऱ्हाड वर्षाला २५ लाख रुपयांवर कायमच्या पट्ट्याने इंग्रजांकडे गेलं. निजामाची सार्वभौम मालकी करारात पुन्हा एकदा मान्य केली. वर त्याला जी.सी.बी. हा मोठा किताब दिला. लोकांनी लगेच त्याचा लाँगफॉर्म केला, 'गेव्ह कर्झन बेरार'. किताबामागचा व्यवहार लोकांना नेहमीच समजतो, हे बघून बरं वाटतं.

सातवा निजाम उस्मान अलीखान याला पहिल्या महायुद्धातल्या मदतीबद्दल १९१८ मध्ये 'ब्रिटिश सरकारचा विश्वासू मित्र' ही पदवी मिळाली आणि साध्या 'हायनेस'चा 'एक्झॉल्टेड हायनेस' झाला. इतके मोठे शब्द ऐकून त्याने त्यांचा अर्थ शब्दशः घेतला. १९२३ मध्ये त्याने वऱ्हाड परत मागितलं. नकार आला. १९२५ मध्ये त्याने पुन्हा लिहिलं, की परराष्ट्र धोरण सोडलं तर मी आणि ब्रिटिश सरकार बरोबरीचे आहोत, मित्र मित्राला असा एकतर्फी नकार देऊ शकत नाही. तर्काने बघितलं तर त्याचं काही चुकत नव्हतं. तहांच्या कागदांत हेच लिहिलं होतं, सत्तर वर्षं हेच बोललं जात होतं.

२७ मार्च १९२६ ला व्हाइसरॉय रीडिंगचं उत्तर आलं. हिंदुस्थानात ब्रिटिश सत्ता सर्वश्रेष्ठ आहे, कोणताही संस्थानिक तिच्याशी बरोबरीने वाटाघाट करू शकत नाही, असा त्याचा रोखठोक अर्थ होता. सर्वश्रेष्ठ सत्ता या कल्पनेवर लिहिणारे आजही त्या पत्राकडे वळतात, कारण इतकी वर्षं जे गुळगुळीत शब्दांत गुंडाळलं होतं ते त्यात एकदाच स्वच्छ लिहिलं गेलं. निजामाने नियम मोडला होता. अदबीचे शब्द खरे मानून त्यावर बिल पाठवलं होतं. महंमदशहाने ही चूक केली नव्हती. त्याने निजामाला कधी लिहिलं नाही, की तू स्वतःला माझा सेवक म्हणवतोस ना, मग दख्खनचा महसूल पूर्ण पाठव.

दहा वर्षांनी इंग्रजांनी जखमेवर फुंकर घातली. १९३६ च्या करारात वऱ्हाडवरची निजामाची सार्वभौम मालकी परत मान्य झाली. पदवीत 'हैदराबाद आणि बेरारचा निजाम' असं आलं. वऱ्हाडात युनियन जॅकसोबत निजामाचा झेंडा फडकवायचा ठरलं. थोरल्या मुलाला, आझमजाहला, 'प्रिन्स ऑफ बेरार' ही पदवी मिळाली. वर्षाला ते २५ लाख मिळत राहिले. कारभार, कर, पोलीस, कोर्टं, सगळं मध्य प्रांताच्या सरकारकडे.

म्हणजे साखरखेर्ड्यात, जिथे मूळ पुरुषाने बादशहाला झेंडा, नाणं, खुतबा देऊन मुलूख स्वतःकडे ठेवला होता, तिथेच सातव्या वंशजाला झेंडा आणि पदवी देऊन मुलूख दुसऱ्याने ठेवला. १७२४ मध्ये महंमदशहा जिथे उभा होता तिथे आता निजाम उभा होता. फरक एकच. महंमदशहाला आपण कुठे उभे आहोत हे माहीत होतं. उस्मान अलीखानाला १९४७-४८ मध्येही ते कळलं असं वाटत नाही, नाहीतर इंग्रज गेल्यावर आपण आपोआप स्वतंत्र सार्वभौम झालो असं त्याने धरलं नसतं. त्याची किंमत त्या वर्षात मराठवाड्यातल्या आणि तेलंगणातल्या सामान्य लोकांनी रझाकारांच्या हातून मोजली. जगातल्या सर्वांत श्रीमंत माणसाला मोठ्या शब्दांनी किती वर्षं भुलवलं होतं, आणि भुर्दंड कोणाला पडला!

सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस ॲक्शन झाली. फेब्रुवारी १९४९ मध्ये सरदार पटेल हैदराबादला गेले तेव्हा निजाम बेगमपेट विमानतळावर स्वागताला आला होता. तो फोटो तुम्ही पाहिला असेल, दोघांचे हात जोडलेले. पटेलांनीही त्याला हिणवलं नाही. १९५० मध्ये तोच निजाम हैदराबाद राज्याचा राजप्रमुख झाला, म्हणजे ज्या संघराज्यात यायला तो तयार नव्हता त्याच्याच घटनेखाली एका राज्याचा शोभेचा प्रमुख, १९५६ पर्यंत. पटेलांना साखरखेर्ड्याचं ते पत्र माहीत होतं की नाही कोण जाणे, पण हरलेल्या माणसाला वाट काढून द्यायची विद्या त्यांना पक्की येत होती.

आझमजाहला पुढे गादीही मिळाली नाही. १९६७ मध्ये उस्मान अलीखान वारला तेव्हा वारस म्हणून नातवाचं नाव ठरलेलं होतं. 'प्रिन्स ऑफ बेरार' १९७० मध्ये वारला, मरेपर्यंत पदवी त्याच्या नावाला चिकटलेली होती. बेरारचा कारभार त्याने एक दिवसही पाहिला नाही. बुलढाणा, अकोला, अमरावती, यवतमाळ तोवर दहा वर्षं महाराष्ट्रात होते.